समाजशास्त्राचे एम. ए. : आपल्याच घराला प्रश्न विचारण्याचे शिक्षण

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून मी माझ्या विषयाकडे वळतो. पदव्युत्तर शिक्षणाविषयी, विशेषतः समाजशास्त्राच्या एम. ए. विषयी, दोन शब्द बोलावेत असे संस्थेने मला सुचविले. मी आयुष्यभर हाच विषय शिकलो आणि शिकविला. म्हणून हे निमंत्रण मी आनंदाने स्वीकारले.

मघाशी सभागृहात येताना दाराशीच एका पालकांनी मला थांबविले. त्यांची मुलगी बी. ए. झाली आहे आणि तिला समाजशास्त्रात एम. ए. करायचे आहे. ते म्हणाले, “सर, पोरगी हुशार आहे. पण हे शिकून ती करणार काय? समाज तर आम्ही रोजच पाहतो, त्यात शिकण्यासारखं काय आहे?” त्यांच्या बोलण्यात टिंगल नव्हती, काळजी होती. फी भरणारा बाप असा प्रश्न विचारणारच. या एका प्रश्नात खरे म्हणजे दोन प्रश्न आहेत. पोट कसे भरेल हा एक, आणि या विषयात शिकण्यासारखे आहे तरी काय हा दुसरा. माझे आजचे सगळे भाषण म्हणजे त्या दोन प्रश्नांचे उत्तर आहे. आधी दुसरा प्रश्न घेतो. पोटाचा प्रश्न मी टाळणार नाही, शेवटी त्याच्याकडे येईन.

समाज आपण रोज पाहतो हे खरेच आहे. ताप आलेला माणूसही आपण रोज पाहतो, पण तापाचे कारण समजायला वैद्यकशास्त्र शिकावे लागते. एका घरातला मुलगा दहावीत नापास झाला, तर लोक म्हणतात, पोरगा वाया गेला. त्याच वस्तीत, त्याच शाळेत, दरवर्षी पोरे त्याच विषयात नापास होत असतील, तर सगळीच पोरे एकाच वेळी वाया गेली असे म्हणता येईल का? मग शाळेत गणिताचे शिक्षक आहेत का, घरात अभ्यासाला जागा आहे का, संध्याकाळी ती पोरे कोणाच्या दुकानात कामाला जातात, हे पाहावे लागते. एका घराचे दुःख आणि सगळ्या वस्तीचा प्रश्न यांतला दुवा शोधणे हे समाजशास्त्राचे काम आहे. अमेरिकेतील सी. राइट मिल्स या समाजशास्त्रज्ञांनी १९५९ साली लिहिलेल्या ग्रंथात हाच विचार मांडला. त्याच्याही आधी, १८९७ साली, फ्रान्समधील एमिल दुर्खीम यांनी आत्महत्येसारख्या अत्यंत खाजगी गोष्टीचा अभ्यास केला. निरनिराळ्या समाजगटांत तिचे प्रमाण वेगवेगळे असते आणि त्यामागे सामाजिक कारणे असतात, हे त्यांनी आकडेवारीने दाखविले.

आपल्या मंडळींना ही रीत परकी वाटू नये. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि त्याचा मार्ग आहे, ही मांडणी आपण धम्मात शिकलो आहोत. भगवान बुद्ध समाजशास्त्रज्ञ होते असा दावा मी करीत नाही. असे दावे करणे मला आवडतही नाही. पण नशिबावर बोट न ठेवता कारण शोधावे, ही सवय ज्या घरात रुजली त्या घरातल्या मुलाला समाजशास्त्र लवकर समजते, एवढे मी अनुभवाने सांगतो.

आता बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे येऊ. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, अर्थशास्त्रज्ञ म्हणून ओळखतो, कायदेपंडित म्हणून ओळखतो. ते समाजशास्त्राचेही विद्यार्थी होते, हे मात्र आपल्या पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र घेऊन त्यांनी १९१५ साली एम. ए. केले. त्याच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र या विषयांचेही अध्ययन केले. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी एक निबंध वाचला. विषय होता भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. पुढे मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. निबंध वाचला तेव्हा बाबासाहेबांना पंचविसावे वर्ष पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता. म्हणजे आज इथे बसलेल्या एम. ए. च्या विद्यार्थ्यांपेक्षा ते फार मोठे नव्हते.

त्या निबंधात त्यांनी काय केले, हे मुद्दाम सांगतो, कारण एम. ए. म्हणजे काय हे त्यातून समजते. जातीवर त्यांच्या आधी ज्यांनी लिहिले होते ते सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर, या चौघांच्या व्याख्या त्यांनी समोर ठेवल्या. कोणी विटाळाला महत्त्व दिले होते, कोणी रोटीव्यवहाराला, कोणी धंद्याला. बाबासाहेबांनी एकेक व्याख्या तपासली आणि विचारले की, यातली कोणती गोष्ट काढून घेतली तर जात उभी राहूच शकणार नाही? डॉ. केतकरांची व्याख्या त्यांना सत्याच्या सर्वांत जवळची वाटली. केतकरांनी दोन लक्षणे सांगितली होती. सभासदत्व जन्माने मिळते हे एक, आणि जातीबाहेर लग्नाला बंदी हे दुसरे. बाबासाहेब म्हणाले की ही लक्षणे दोन नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न करू दिले नाही, की सभासदत्व आपोआप जन्मावर येते. म्हणून जातीचा प्राण एकच, तो म्हणजे अंतर्विवाह, आपल्यातच लग्न.

पुढे त्यांनी दाखविले की, गटाने आपल्यातच लग्न करायचे ठरविले तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राखावी लागते. नवरा मेला की बाई जास्तीची ठरते, बायको मेली की पुरुष जास्तीचा ठरतो. मग सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी कशासाठी आल्या हे उलगडते. जातीचा किल्ला बाईच्या आयुष्यावर बांधलेला आहे, हे त्यांनी १९१६ साली एका वर्गात उभे राहून सांगितले. आणि हे सगळे शांतपणे, पुराव्याने, विरोधी मताचा मान राखून सांगितले. ज्याने स्वतः शाळेत बाजूला बसून तहान सोसली, त्याने आपली वेदना गिळून तिचा प्रश्न केला. तक्रार ऐकून लोक हळहळतात आणि घरी जातात, प्रश्न नीट मांडला तर त्यांना उत्तर द्यावे लागते. एम. ए. च्या दोन वर्षांत मुलाने हे एवढे शिकले तरी फी वसूल झाली असे मी म्हणेन.

विद्यार्थी मित्रहो, आता दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष द्या. आपल्या देशात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली मुंबई विद्यापीठात निघाला. पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्रमुख. १९२४ पासून डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो सांभाळला आणि वाढविला. पुढे नामवंत झालेले कितीतरी समाजशास्त्रज्ञ त्यांचे विद्यार्थी. या मंडळींनी जातीवर भरपूर लिहिले. पण वर्षानुवर्षे आपण त्या ग्रंथांत होतो ते अभ्यासाचा विषय म्हणून, लिहिणारे म्हणून नव्हतो. याचा परिणाम काय झाला ते एका उदाहरणाने सांगतो. डॉ. एम. एन. श्रीनिवास हे फार मोठे नाव. १९४८ साली ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले आणि त्यांनी तिथला समाज बारकाईने पाहिला. १९७६ साली आलेला त्यांचा त्या खेड्यावरचा ग्रंथ आजही वाचण्यासारखा आहे. परंतु ते राहिले गावच्या मुखियाच्या जागेत, आणि त्यामुळे गाव त्यांना त्या ओट्यावरून जास्त दिसले. ही मर्यादा त्यांनी स्वतः प्रामाणिकपणे मान्य केली. आपण कुठे बसून पाहतो त्यावर काय दिसते हे ठरते. वेशीच्या आतून गाव एक दिसते, वेशीबाहेरून वेगळे दिसते. शास्त्राला दोन्ही दृष्टी हव्यात, आणि वेशीबाहेरून पाहणारे डोळे फार उशिरा विद्यापीठात पोहोचले.

ते पोहोचल्यावर काय घडते याचीही उदाहरणे आहेत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून, त्यांच्या तोंडून त्यांची हकीकत ऐकून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले. त्या बाया गेल्या असत्या तर तो इतिहासही त्यांच्याबरोबर गेला असता. पुणे विद्यापीठातील प्रा. शर्मिला रेगे यांनी २००६ साली दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर ग्रंथ लिहिला आणि ज्यांना लोक नुसत्या करुण कहाण्या समजत होते ते समाजशास्त्राचे पुरावे आहेत, हे मांडले. २०१३ साली त्या अकाली गेल्या. अमेरिकेत जन्मलेल्या डॉ. गेल ऑम्वेट महात्मा फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास करण्यासाठी महाराष्ट्रात आल्या आणि कासेगावच्याच होऊन राहिल्या. २०२१ साली त्यांचे निधन झाले. या अभ्यासकांमुळे अभ्यासक्रमात फुले-आंबेडकरांना जागा मिळू लागली. मी शिकत असताना जातिव्यवस्थेच्या पेपरात बाबासाहेबांच्या निबंधाचे नावही नव्हते. ते आम्ही वर्गाबाहेर, वसतिगृहात वाचले. शासनाने १९७९ साली त्यांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला, त्यात तो निबंध आहे. आपल्या संस्थेच्या ग्रंथालयात तो खंड असेल तर आज जाताना एकदा उघडून पाहा.

समाजशास्त्र आकडे वाचायलाही शिकविते, आणि आकड्यापुढे थांबायचे कुठे हेही शिकविते. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्याही आत होती. १९६१ च्या जनगणनेत ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. मधल्या काळात १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दिवस आला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध आहेत, म्हणजे देशातल्या दर चार बौद्धांपैकी तीन आपल्या राज्यातले. त्याच जनगणनेत बौद्धांमधील साक्षरता ८१.२९ टक्के निघाली, तर देशाची सरासरी ७२.९८ टक्के होती. बौद्ध स्त्रियांची साक्षरता ७४.०४ टक्के आणि देशातील सर्व स्त्रियांची ६४.६३ टक्के. या आकड्यांचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटायलाच पाहिजे. परंतु समाजशास्त्राचा विद्यार्थी टाळ्या वाजवून थांबत नाही. तो विचारतो, बौद्ध पुरुष आणि बौद्ध स्त्री यांत अजून अंतर का आहे? साक्षर झालेल्यांपैकी किती जण बारावीच्या पुढे गेले? जनगणनेच्या रकान्यात धर्म बदलला, तेव्हा घरात काय बदलले आणि काय तसेच राहिले?

या शेवटच्या प्रश्नाने मला माझ्या स्वतःच्या एम. ए. ची आठवण होते. ती थोडी लाजिरवाणी आहे, पण विद्यार्थ्यांच्या उपयोगाची आहे, म्हणून सांगतो.

एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला मी लघुप्रबंधासाठी विषय घेतला तो माझ्याच वस्तीचा, विदर्भातल्या एका लहान गावातल्या बौद्ध वस्तीचा. आमचे एक प्राध्यापक म्हणाले, “तुम्ही लोक तुमच्या लोकांवरच का लिहिता?” मला राग आला, पण उत्तर सुचले नाही. आज सुचते. आमच्यावर इतरांनी लिहिले तेव्हा कोणी त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता. असो. मी प्रश्नावली तयार केली, छान टंकलिखित करून घेतली आणि सुट्टीत गावी गेलो. पहिले घर आमच्या मोठ्या मायचेच घेतले. नाव, वय, शिक्षण विचारू लागलो, तशी ती हसायला लागली. म्हणाली, “काहून रे बाबू, तुले मालूम नाही का? इथंच तर वाढला तू.” मी म्हणालो, “मोठी माय, शास्त्रात विचारावं लागते.” पुढचा प्रश्न होता, कुटुंबप्रमुख कोण. तिने मोठ्या बाबांचे नाव सांगितले, मी लिहिले. दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी तेच. सगळीकडे पुरुषाचे नाव. चार दिवसांनी संध्याकाळी मोठी माय माझे कागद पाहत बसली. तिला वाचता येत नव्हते. मी वाचून दाखविले. ती म्हणाली, “लिव, त्याचंच नाव लिव. पण किराणा कोनं आणला, पोराची फी कोनं भरली, हे तुह्या कागदात कुठं आहे?”

दोन वर्षे मी संशोधनपद्धती शिकलो होतो, पण संशोधनपद्धतीचा खरा तास मला त्या ओसरीवर मिळाला. मी प्रश्नावली बदलली. प्रमुख कोण हे विचारण्याऐवजी मागच्या महिन्यात कोणता खर्च कोणी केला, मुलाला शाळेत घालायचे कोणी ठरविले, असे विचारू लागलो. तेव्हा वस्तीचे चित्रच बदलले. जी घरे कागदावर पुरुषांची होती, त्यांतली कितीतरी घरे बायांच्या मजुरीवर उभी होती.

इथपर्यंत गोष्ट चांगली आहे. पुढचा भाग मी आजवर जाहीरपणे सांगितलेला नाही. प्रश्नावलीत शेवटचा प्रश्न लग्नाविषयी होता. जातीविषयी विचारले की वस्तीतले प्रत्येक जण ताठ मानेने सांगत होते, “आम्ही आता बौद्ध. जात-गीत काही नाही.” मग मी मुलामुलींच्या सोयरिकी कोणत्या घरांत झाल्या ते विचारले. उत्तरे लिहून घेतली आणि रात्री कंदिलाच्या उजेडात ती जुळवून पाहिली. दीक्षा घेऊन इतकी वर्षे झाली होती, तरी लग्ने जुन्या पोटजातीतच झालेली होती. सोमवंशी, लाडवण, बावणे ही नावे तोंडाने कोणी घेत नव्हते, पण सोयरीक ठरताना प्रत्येकाला ती बरोबर आठवत होती. बाबासाहेबांनी १९१६ साली ज्याला जातीचा प्राण म्हटले, तो प्राण माझ्या वस्तीत धुगधुगत होता.

आणि मी ते पान लिहिले नाही. मला भीती वाटली. विद्यापीठातले लोक म्हणतील, बघा, यांच्यातही आहेच की. आणि वस्तीतले लोक म्हणतील, शिकला आणि समाजाची बदनामी केली. मी लघुप्रबंधातून ते प्रकरण वगळले, चांगले गुण मिळविले आणि गप्प बसलो. आज मला वाटते, माझ्या एम. ए. तले सर्वांत महत्त्वाचे पान तेच होते.

बंधु-भगिनींनो, हे मी आज का सांगतो? कारण वधू-वर परिचय मेळाव्यांचे फॉर्म मी अजूनही पाहतो. अनेक ठिकाणच्या फॉर्मवर वर तथागतांचे आणि बाबासाहेबांचे चित्र असते, आणि खाली कधी पोटजातीचा रकाना छापलेला असतो. जिथे छापलेला नसतो तिथे फोनवर हळूच विचारले जाते. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ मध्ये आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला आणि त्याच्याही मुळाशी असलेली शास्त्रांवरची श्रद्धा गेली पाहिजे असे मांडले. शास्त्रांवरची श्रद्धा आपण १९५६ साली सोडली. रकाना मात्र सोडला नाही. तो का सुटत नाही? हुंड्याशी त्याचा संबंध आहे का? जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या जुन्या नात्यांशी आहे का? शहरात गेलेल्या, शिकलेल्या मुलामुलींत तो सैल झाला आहे का? कोणाला दोष देण्यासाठी मी हे विचारत नाही. हे अभ्यासाचे प्रश्न आहेत. आपल्या मुलांनी ते अभ्यासले नाहीत तर बाहेरचे कोणीतरी अभ्यासील, आणि त्यात आपलेपणा असेलच असे नाही. आपण बाहेरच्यांना कठोर प्रश्न विचारतो. तेच प्रश्न स्वतःला विचारण्याचा अधिकार आणि धैर्य आपल्याला या शिक्षणातून मिळाले पाहिजे. बदनामी होईल अशी भीती मला वाटली होती. पण आजार लपविल्याने घराची अब्रू राहत नाही, माणूस मात्र जातो.

आता विद्यार्थ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट भाषेची. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी एम. ए. ला इंग्रजी ग्रंथांपुढे घाबरतो. मीही घाबरलो होतो. एक वही करा. डाव्या बाजूला इंग्रजी संज्ञा, उजव्या बाजूला मराठी, आणि खाली आपल्या गावातले एक उदाहरण. सामाजिक स्तरीकरण, अंतर्विवाह, सहभागी निरीक्षण या संज्ञा उदाहरणाशिवाय पाठ केल्या तर परीक्षेनंतर आठ दिवसांत जातात. ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यासारखे मराठी नियतकालिक वाचा. इंग्रजीचे रोज एकच पान वाचा, पण शब्दकोश घेऊन वाचा. सहा महिन्यांनी पान सोपे वाटू लागते.

दुसरी गोष्ट, गाईडवर एम. ए. करू नका. मार्क्स, दुर्खीम, वेबर यांची नावे गाईडमध्ये असतात, त्यांचा विचार मूळ लेखनात असतो. निदान प्रत्येकाचे एक प्रकरण मुळातून वाचा. वेबर यांनी हिंदू आणि बौद्ध धर्मांवरही लिहिले आहे. ते वाचून बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ शी ताडून पाहा. दोघांचे कुठे जुळत नाही हे सांगता आले तर तुम्हाला विषय कळला असे समजा.

तिसरी गोष्ट लघुप्रबंधाची. विषय जवळचा घ्या, पण उत्तर आधी ठरवून जाऊ नका. ज्यांच्या घरी जाल त्यांना कशासाठी विचारता ते आधी सांगा, त्यांची परवानगी घ्या आणि कोणाचेही नाव छापू नका. काम पूर्ण झाले की निष्कर्ष सोप्या मराठीत लिहून त्या वस्तीत वाचून दाखवा. ज्यांनी तुम्हाला चहा पाजून उत्तरे दिली त्यांचा त्या ज्ञानावर पहिला हक्क आहे.

चौथी गोष्ट पोटाची, म्हणजे त्या पालकांचा पहिला प्रश्न. मी खोटी आशा दाखविणार नाही. नुसत्या एम. ए. वर नोकरी दाराशी चालत येत नाही. महाविद्यालयात अध्यापक व्हायचे तर नेट किंवा सेट परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, नाहीतर पीएच. डी. करावी लागते. त्यानंतरही पुष्कळ मुले तासिका तत्त्वावर, अपुऱ्या मानधनावर वर्षे काढतात, हे मी डोळ्यांनी पाहतो. म्हणून एम. ए. च्या पहिल्या दिवसापासून नेटची तयारी करा. त्यातून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर पीएच. डी. चा खर्च निघतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो. सर्वेक्षणाचे काम, स्वयंसेवी संस्था, ग्रामविकास, आरोग्य प्रकल्प, पत्रकारिता या ठिकाणी माणसांशी बोलून नीट अहवाल लिहिणारा माणूस लागतो. त्यासाठी संगणकावर तक्ते करणे आणि दोन्ही भाषांत स्वच्छ लिहिणे हे दोन गुण अंगी आणा. ज्यांना नोकरी सोडता येत नाही, त्यांना मुक्त विद्यापीठातूनही हे एम. ए. करता येते.

शेवटी संस्थेच्या सभासदांना एक विनंती करतो. आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो. पुष्पगुच्छ आणि मोमेंटो देतो. हे चांगले आहे. त्याच्या जोडीला एका विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला एक अभ्यास सोपवा. आपल्याच वस्तीचा, आपल्याच प्रश्नाचा. मुली शिक्षण कुठे सोडतात, तरुणांना काम कुठे मिळते, सोयरिकी कशा ठरतात, यांपैकी कोणताही प्रश्न घ्या. येण्याजाण्याचा आणि छपाईचा खर्च संस्थेने करावा, आणि पुढच्या स्मरणिकेत तो अहवाल जसाच्या तसा छापावा. त्यात आपल्याला न आवडणारे काही निघाले तरी छापावे. ही अट मी मुद्दाम घालतो, कारण माझ्या वेळी ती अट घालणारे कोणी नव्हते.

कालामांना उपदेश करताना तथागतांनी सांगितले की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतात म्हणून स्वीकारू नका, स्वतः तपासून पाहा. आपण हे दुसऱ्यांच्या परंपरेला लावायला शिकलो. आता आपल्या स्वतःच्या सवयींना लावायची वेळ आहे. त्या पालकांना माझे उत्तर असे आहे : आपली मुलगी समाजशास्त्र शिकली तर ती रोज दिसणारा समाज पुन्हा एकदा नीट पाहील, आणि कदाचित एके दिवशी आपल्यालाच एखादा अवघड प्रश्न विचारील. त्या दिवशी तिच्यावर रागावू नका. तिला पाटावर बसवा आणि तिचे उत्तर ऐकून घ्या. जे पान मी लिहिले नाही, ते ती लिहील.



नमो बुद्धाय! जयभीम!